पाहुणा आत, ओझं बाहेर

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी सांगते, "लोकांना नाही म्हणायची नोकरी करते." लोक हसतात. पण मी खरंच तेच करत आले. एका धान्य बाजारातलं कंप्युटरचं नेटवर्क सांभाळायचं आणि बाहेरच्या कुणाचा फोन, लॅपटॉप, पेनड्राईव्ह त्यात घुसू द्यायचा नाही, एवढंच काम! आता वऱ्हाडात राहून पाहुण्याला नाही म्हणायचं म्हटल्यावर किस्से होणारच. टेबलाखाली वायरींचा गुंता कुणी करत नाही, तरी तो होतो. हे किस्सेही तसेच साठत गेले. माहेरी गेले की बहिणी पाणी द्यायच्या आधी म्हणतात, "तो टोकनवाला सांग ना!"

तर आधी बाजाराचं सांगते. बाजार मूर्तिजापूरच्या रस्त्यावर, खाजगी, हेड ऑफिस पुण्याला. नाव सांगत नाही, मालकांकडून अजून दिवाळीला मिठाई येते. फाटकावर गाडीची नोंद, मग हर्रासी, म्हणजे लिलाव, मग वजनकाटा, मग शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची छापील पट्टी. सगळं कंप्युटरवर आणि सगळे कंप्युटर एकमेकांना जोडलेले. एक आजारी पडला की मागची सगळी रांग उभी!

मी लागले त्याच वर्षी तसं झालं. एका व्यापाऱ्याकडे आलेल्या पाहुण्याने ऑफिसातली मोकळी वायर पाहिली आणि सरळ स्वतःच्या लॅपटॉपला लावली. "फक्त एक मेल पाहायचा होता, मॅडम!" मेल त्याने पाहिला. त्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस मात्र दुपारपर्यंत आमच्या सगळ्या मशिनींनी पाहिला. हर्रासी बंद. सोयाबीनच्या गाड्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत. रात्रभर माणसं गाडीखाली झोपली आणि दुसऱ्या दिवशी भाव उतरला.

ते दिवस आमच्या भागात चांगले नव्हते. पेपर आला की माझी आई पहिलं पान आधी स्वतः वाचून घ्यायची आणि मगच पेपर माझ्या शेतकरी वडिलांच्या हातात द्यायची. कधी कधी तर पेपर आलाच नाही म्हणून सांगायची. अशा दिवसांत बाजार बंद पडणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक बाई आपल्या पोत्यांवर बसून होती. तिने मला एकदाच विचारलं, "सांजच्या आत होईन का, बाई?" मला स्वतःची लाज वाटली आणि त्या मेलवाल्याचा भयंकर राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

हेड ऑफिसहून निरोप आला. पुन्हा असं काही झालं तर कंप्युटर आणि फाटक दोन्ही पुण्याच्या एका कंपनीला कंत्राटाने देऊन टाकू. कंप्युटर म्हणजे मी आणि फाटक म्हणजे जब्बारभाई. आमचे मॅनेजर गावंडे साहेब. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, निरोप वाचून दाखवला आणि म्हणाले, "आता तुमी दोघं पाहा बाप्पा. मले काही त्याच्यातलं समजत नाही."

जब्बारभाई भातकुलीचे. आधी एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा खाकी शर्ट आणि आवाज असा की बैलसुद्धा थांबायचे. त्यांची धाकटी मुलगी अमरावतीला शिकत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्याडम, तुमी फकस्त सांगा, काय आत जाऊ द्याचं नाही. मंग पाहा!"

*

मी सांगितलं. माझी चूक एवढीच की सोपं करून सांगितलं. "जब्बारभाई, ज्याला वायर किंवा बॅटरी आहे, ते आत न्यायचं नाही. फाटकावर जमा करायचं आणि माणसाला टोकन द्यायचं." जिनिंगमधले जुने पत्र्याचे टोकन त्यांच्याकडे डबाभर होते.

दुपारी त्यांच्या केबिनमध्ये गेले तर फोन होते, लॅपटॉप होता, आणि एक मिक्सर, दोन टॉर्च, एक रेडिओ आणि कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर! मिक्सरवाला बिचारा दुरुस्तीला घेऊन चालला होता, वाटेत बाजारात डोकावला. तो मला विचारतो, "म्याडम, मिक्सरनं बी कंप्युटर बिमार पडते काय?"

मी त्याला उत्तर देत होते तेवढ्यात धोतरातले एक आजोबा तरातरा आले. त्यांच्या हातात टोकन. मला वाटलं, फोन मागताहेत. ते ओरडले, "पोरी, मले काही ऐकू येऊन नाही राह्यलं!"

मी जब्बारभाईंकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "कानाची मशीन व्हती. ब्याटरी हाये ना तिले?"

आजोबांनी टोकन माझ्यासमोर धरलं. "मशीन तं यानं ठेवून घेतली. आता हे टोकन कानात घालू का?"

नियम त्याच दिवशी बदलला.

*

दुसरं प्रकरण पासवर्डचं. हर्रासीच्या शेडमध्ये आमची पोरं हातात छोटी मशीन घेऊन बोली नोंदवायची, त्यासाठी तिथे वायफाय होतं. मी मोठ्या कष्टाने लांबलचक पासवर्ड केला. त्यात आकडे, खुणा, लहानमोठी अक्षरं, सगळं! मलाच तो पाठ करायला वेळ लागला.

आमच्या फाटकासमोर गजूची चहाची टपरी. दुसऱ्या दिवशी चहाला गेले तर पाटीवर खडूने लिहिलेलं: चहा, पोहे, आलुबोंडा. आणि खाली माझा पासवर्ड! एकही खूण चुकलेली नव्हती.

"गजू, हे तुला कुणी दिलं?"

"हर्रासीवाल्या पोराईनं देल्लं. काहून?"

"अरे, हे गुपित असतं! असं सगळ्यांना सांगायचं नसतं!"

गजूला वाईट वाटलं. म्हणाला, "सगळ्याईले कुठं सांगतो, म्याडम? फुकटात पाटी वाचनाऱ्याले मी हाकलूनच देतो. फकस्त चा पेनाऱ्याईलेच!"

*

पासवर्डवर विश्वास उरला नाही. मग मी यादी केली. प्रत्येक मशिनीला कारखान्यातूनच स्वतःचा एक नंबर आलेला असतो. ज्याचा नंबर यादीत, त्यालाच आत प्रवेश. पासवर्ड पाटीवर लिहा नाहीतर भोंग्यावर सांगा, यादीत नसाल तर बाहेर! व्यापाऱ्यांना भाव पाहायला दुकानात लागायचं, म्हणून प्रत्येक दुकानाला एक मशीन मंजूर केली.

यावर सगळ्यात जास्त तकतक राठीशेठची. त्यांचा तुरीचा मोठा व्यापार. मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. आमच्याकडे लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. मी म्हटलं, "शेठ, हे घरटी एक आहे."

"एवढी वर्षं झाली माल घेऊन राह्यलो, अन् मले घरटी एक? चूलबंद द्या, म्याडम!"

"नाही."

शेठ गेले. दोन दिवसांनी आले आणि गोड आवाजात म्हणाले, "तुमचंच खरं. हा घ्या नंबर, आमची ही एकच मशीन." मी नंबर यादीत घातला. आणि त्या दिवसापासून त्यांच्या दुकानाच्या वाटेने नेटवर्कवर एवढी वर्दळ सुरू झाली की मशीन एकच कशी, मला कळेना. शेवटी दुकानात जाऊन पाहिलं. गादीमागे भिंतीवर एक छोटं खोकं, घरोघर इंटरनेटसाठी असतं तसलं. नंबर त्या खोक्याचा! आणि त्या खोक्यावर शेठ, मुनीम, दोन पुतणे, आणि बाजूच्या दुकानातले जैनशेठसुद्धा!

"शेठ, हे काय?"

"एकच तं हाये. मोजा!"

"आणि हे सगळे?"

शेठ जराही गडबडले नाहीत. "आवतण एकालेच व्हतं, म्याडम, कबूल. पन तो एकजण कडेवर पोरगं घेऊन आला, तं तुमी पोराले दारातून वापस पाठवान काय?"

मी खोकं काढून आणलं. वापस पाठवलं नाही. अजून माझ्या कपाटात आहे.

*

गावंडे साहेबांच्या मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला. साहेब तो हातात नाही, रुमालात धरायचे. आले माझ्याकडे. "म्याडम, याले आपलं नेट लावून द्या."

मी म्हटलं, "साहेब, ऑफिसच्या मशिनीच फक्त लावायच्या, असा तुमच्याच सहीचा आदेश आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. "मी काय पाहुना हाओ का? मी म्यानेजर हाओ!"

"तुम्ही मॅनेजर आहात. फोन पाहुणा आहे."

साहेब उठून गेले. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. दुपारी खिडकीतून पाहिलं तर साहेब रस्त्यापलीकडे गजूच्या बाकावर, स्वतःचं रिचार्ज मारून, नातवाचे फोटो पाहत बसलेले. नंतर ते रोजच तिथे बसायला लागले. कुणी तरी विचारलं, "साहेब, ऑफिस सोडून इथं?" तर म्हणाले, "इथं बरं हाये. इथं म्याडम नाही!"

पण माणूस मनाने चांगला. त्यांनीच एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, "हेड ऑफिसवालं कोनीतरी येनार हाये, तपासनीले. कधी, कोन, ते सांगत नाहीत. तो सोताची मशीन आपल्या नेटवर्कात घुसवून पाहीन. घुसली का..." मी जब्बारभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ द्या."

त्यानंतर फाटकावर अनोळखी माणूस आला की मी काम सोडून खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

*

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी आले. त्यांना त्यांच्याकडे असाच बाजार काढायचा होता, म्हणून पाहायला आले होते. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात संत्र्यांची पेटी. जब्बारभाईंनी लॅपटॉप घेतला, टोकन दिलं. व्यापारी हसून म्हणाले, "अन् ही पेटी तुमाले, भाऊ. घरच्या बगिच्यातली हाये."

जब्बारभाईंनी पेटीही घेतली. आणि दुसरं टोकन दिलं!

संध्याकाळी व्यापारी परत निघाले तेव्हा जब्बारभाईंनी त्यांना लॅपटॉप मोजून दिला आणि संत्र्यांची पेटीही जशीच्या तशी हातात ठेवली. व्यापारी हैराण. "बाप्पा! हा बाजार हाये का जेल?"

"जेलात टोकन नाही देत, जी," जब्बारभाई म्हणाले.

मला मात्र त्या संत्र्यांचं आजही वाईट वाटतं. वास फार छान येत होता!

*

आणि आता तो दिवस. उन्हाळा होता, हरभऱ्याची आवक जोरात होती आणि अधिक महिना लागलेला होता. अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाचा काय थाट असतो ते सांगायला नको. सासुरवाडीला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. आणि एका घरचा जावई तो गावाचाच जावई. मग घर कुणाचं, जात कोणती, धर्म कोणता, काही नाही.

सकाळी मला फोन आला. "हेड ऑफिसमधून बोलतोय. एक लॅपटॉप यादीत घ्यायचाय, अर्जंट आहे. नंबर लिहून घ्या."

मी म्हटलं, "एक मिनिट, मीच हेड ऑफिसला फोन लावते." फोन कट!

आज आलाय, मला कळलं. धावत जाऊन जब्बारभाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची फाटकाच्या आणखी जवळ ओढली.

दुपारी ऊन मी म्हणत होतं तेव्हा एक गृहस्थ आले. चाळिशीचे, हसतमुख, खांद्याला काळी बॅग. माझी खोली फाटकाला लागूनच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"हरभरा घ्यायचाय," गृहस्थ म्हणाले. "जरा आत बसून भाव पाहतो."

"कोन्या गावचे तुमी?" जब्बारभाईंनी विचारलं.

"पुण्याचा."

"पुन्याचं तं कोनीच नसते, जी. मूळ गाव?"

गृहस्थ मोकळेपणी हसले. "मूळ साताऱ्याकडचा. पण सासुरवाडी इथलीच. भातकुली!"

जब्बारभाई उभे राहिले. "भातकुली? कोनाच्या घरचे?"

"कडूंच्या. देवराव कडू माझे सासरे."

मी श्वास रोखून पाहत होते. जब्बारभाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे बाप्पा! म्हंजे तुमी तं आमचे जवाई! अन् अधिकात आले!" संपलं, मी मनात म्हटलं. एवढी वर्षं सगळ्यांना अडवलं आणि आता हा जावई म्हणून सन्मानाने आत जाणार.

"ते आना इकडे." जब्बारभाईंनी त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "जवायाच्या खांद्यावर ओझं? लोक काय म्हनतीन आमाले?" बॅग लोखंडी पेटीत गेली. "फोन बी द्या. जेवतानी कोनी तरास नाही देल्ला पायजे." फोन पेटीत गेला. कुलूप लागलं आणि किल्ली जब्बारभाईंच्या शर्टाच्या खिशात.

"अहो, पण बॅग मला..."

"बसा जी, बसा! म्याडम, जवाई आले आपले! गजू, पानी आन!"

मग काय विचारता! पाय धुवायला पाणी आलं. केबिनमध्ये बाजेवर चादर पडली. जब्बारभाईंच्या घरचा डबा उघडला, माझ्या डब्यातली पुरणपोळी त्यात गेली, गजूने गरम भजी आणली. पाहुणे नको नको म्हणत होते आणि जब्बारभाई वाढत होते. जेवण झाल्यावर जब्बारभाई पाहुण्यांना हाताला धरून सगळा बाजार दाखवायला घेऊन गेले. शेड, वजनकाटा, ऑफिस, अगदी माझी सर्व्हरची खोलीसुद्धा! ते गृहस्थ माझ्या मशिनींसमोर रिकाम्या हातांनी उभे होते. वायर हाताशी होती, पण लावायला काहीच नव्हतं.

"माझी बॅग जरा..." ते पुन्हा म्हणाले.

"कुलपात हाये, जी. कोन नेते?"

संध्याकाळी त्यांची गाडी आली. जब्बारभाईंनी पेटी उघडली, बॅग आणि फोन दिला, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला आणि हातात नारळ ठेवला. गृहस्थांनी खिशातून ओळखपत्र काढून गावंडे साहेबांना दाखवलं. हेड ऑफिसचा तपासणी अधिकारी! साहेबांना घाम फुटला.

अधिकाऱ्यांनी हातातला नारळ वर-खाली करून पाहिला. मग म्हणाले, "सासुरवाडी सांगितली की बहुतेक ठिकाणी दार उघडतं."

"उघडलं न जी," जब्बारभाई म्हणाले. "तुमी आत गेले. ओझं बाहेर राह्यलं."

अधिकारी खळखळून हसले. गावंडे साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कंत्राटाचं विसरा. इथे कुणाची गरज नाही." टोपी न काढताच ते गाडीत बसले.

मला रडू आलं. लपवलंही नाही. साहेब तर जब्बारभाईंना मिठीच मारायला निघाले. तेवढ्यात गजू रस्ता ओलांडून आला. "हे पाहुने कालपासून माह्याकडं चा पेऊन राह्यले व्हते. जब्बारभाई कोन्या गावचे, म्हनून इचारत व्हते. म्या सांगतलं. काहून, काही झालं काय?"

साहेब म्हणाले, "काही नाही रे, चांगलंच झालं! नशीब पाहा, तपासनीले आला अन् नेमका जब्बारभाईच्याच गावचा जवाई निघाला!"

जब्बारभाई पेटीला कुलूप लावत होते. मान वर न करता म्हणाले, "भातकुलीत कडूचं घर नाही, साहेब."

मी विचारलं, "जब्बारभाई, मग टॉवेल, टोपी, नारळ, हे सगळं कशाला केलंत?"

त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"जवाई म्हनून आला व्हता, म्याडम. रिकाम्या हातानं कसा पाठवाव?"